सही आईची लागते

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी विचारलं, "आई, डॉक्टर काय म्हणाले?" आणि बाबा, उत्तर तुम्ही दिलं: "पूर्ण काढायचं ठरलं, सोमवारी तारीख घेऊन टाकतो." मागून आईचा आवाज आला, "यांनी ठरवलं ते बरोबरच असेल." त्यानंतर तुम्ही पाठवलेले आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टचे फोटो बसून वाचले. फोनवर मला अर्ध्यात तोडता, म्हणून लिहून राहिली.

बाबा, मुळासकट काढलं की भानगड मिटली, असं तुम्हाला वाटतं. पण गाठ दोन सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले होते: पूर्ण स्तन काढायचा, किंवा फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन. अमेरिकेत आणि इटलीत याच दोन पर्यायांची तुलना झाली आणि 20 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले. आयुष्य किती मिळालं, यात फरक दिसला नाही. त्याच बाजूला पुन्हा गाठ येण्यात मात्र दिसला. इटलीच्या अभ्यासात ते प्रमाण स्तन राखलेल्यांत शंभरात जवळपास 9 होतं, काढलेल्यांत 2. अमेरिकेत ज्यांची फक्त गाठ काढली आणि रेडिएशन दिलं नाही, त्यांच्यात ते 39 पर्यंत गेलं. म्हणजे रेडिएशन नको असेल तर फक्त गाठ काढण्याचा विचारही नको.

आणि रेडिएशन म्हणजे बहुधा तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, महालातल्या घरातून जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात. आई, हे झेपणार नाही, काढूनच टाका, असं तू म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. फक्त ते तुझ्या तोंडून यावं. (पूर्ण काढल्यावरही कधी कधी रेडिएशन लागतं, हे आधीच विचारून घे.)

मला जास्त घोर आहे तो तुझ्या उजव्या हाताचा. स्तनाबद्दल सगळे बोलून राहिले, काखेबद्दल कोणीच नाही. काखेतल्या सगळ्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या तर काहींचा हात सुजतो, जड होतो, आणि ती सूज वर्षानुवर्षं त्रास देऊ शकते. तू रोज मशीनवर बसतेस, फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवतेस, हे डॉक्टरांना कुठून कळणार? तू सांगितलंच नाहीस. त्यांना विचार, "माझ्यात सेंटिनल नोड बायोप्सी होईल का?" त्यात रंगद्रव्य टोचून, कॅन्सर आधी जिथे पोहोचतो त्या काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधतात आणि तेवढ्याच तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. सोनोग्राफीत तुझ्या काखेत काही दिसलेलं नाही, म्हणून हा प्रश्न तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे. शिवणकाम सुटलं तर तुझं काय होईल, हे बाबांना पैशाच्या हिशेबात सांगता येईल. बाकीचं तुलाच सांगावं लागेल.

बाबा, तुमची नोकरी सिव्हिल लाईन्सच्या हायकोर्टात गेली, म्हणून तुम्हाला कागदाच्या भाषेत सांगते. समीरा कोहली खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा 2008 चा निकाल काढून वाचा. पेशंट तपासणीसाठी भुलेखाली होती, बाहेर आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. कोर्टाने ती संमती धरली नाही. बाई सज्ञान होती, जिवावरची घाई नव्हती, तेव्हा शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायला हवं होतं. आईच्या फॉर्मवरही सही आईचीच लागेल. मग समजून घेण्याआधी तिने ती काहून करावी?

तारखेचंही थांबा. रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर (गाठीवरचे हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह आहेत, पण हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) याच्यापुढे 2+ लिहिलं आहे. म्हणजे हो की नाही ते ठरलेलं नाही, त्यासाठी फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती पॉझिटिव्ह आली तर कधी कधी औषधं आधी देतात आणि ऑपरेशन नंतर. फिशचा निकाल येईपर्यंत थांबलं तर चालेल का, एवढं सोमवारी विचारा. आत्याने पाठवलेला काढा घ्यायचा की नाही, तेही डॉक्टरांनाच विचारा, आत्याला नको.

मी रविवारी सकाळी पोहोचते. सोमवारी खुर्चीत आई बसेल, प्रश्न तिच्या वहीतून तीच वाचेल. बाबा, तुम्ही आणि मी लिहून घेऊ. डॉक्टर तुमच्याकडे पाहून बोलू लागले तर तुम्ही आईकडे पाहा.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, बायोप्सीच्या लॅबमधून स्लाइड (काचेवरचा पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून ठेवा. फिशला ब्लॉक लागतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेही आधी स्लाइडच मागतात. पावती सांभाळा.