कंपोस्ट चहाला हवा जास्त, गूळ कमी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसबागेच्या सदरांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून कंपोस्ट चहाची, म्हणजे मुरलेले खत पाण्यात हवा सोडत भिजवून झाडांना घालायच्या पाण्याची, एक कृती सध्या सगळीकडे फिरते. बादलीभर पाणी, पिशवीत गांडूळखत, शंभर-दीडशे ग्रॅम गूळ, मासे पाळायच्या टाकीचा हवेचा पंप आणि दोन दिवस. थंड हवेत हे जमून जाते. परभणी-नांदेडच्या एप्रिलमध्ये मात्र दुसऱ्या दिवशी बादलीला नासक्या अंड्याचा वास येतो आणि पंप माळ्यावर जातो. दोष पंपाचा नसतो, हिशोबाचा असतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात आणि ४० अंशाला साडेसहाच्या आत. उन्हाळ्यात हवा अशी घटते, आणि जिवाणूंची भूक मात्र वाढते. त्यात गूळ भरपूर पडला की ते झपाट्याने वाढून उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मग हवेवर जगणारे मरतात आणि कुजवणारे माजतात. म्हणून कृती छापताना ऋतूही छापावा, अशी आमची विनंती आहे.

जुळणी सोपी आहे. रंगाची रिकामी २० लिटरची बादली स्वच्छ घासून घ्यावी. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नये. पाणी १५ लिटरच भरावे, वर फेसाला जागा लागते. हवा सोडायला दुकानातल्या दगडी गोळ्या मिळतात, पण आपल्या बोअरच्या जड पाण्यात त्यांची छिद्रे क्षाराने लवकर बुजतात. त्यापेक्षा शेतातल्या ठिबकची १६ मिमीची साधी, ड्रिपर नसलेली नळी बरी. ६५-७० सेंमीचा तुकडा घ्या, दोन्ही तोंडे दुमडून तारेने घट्ट बांधा आणि त्याचे कडे करून बादलीच्या तळाशी बसवा. तापवलेल्या सुईने खालच्या बाजूला आठ-दहा बारीक छिद्रे पाडा. छिद्रे खाली असली की तळाचा गाळ हलता राहतो. गाळ बसला की नासायला सुरुवात तिथूनच होते. ही नळी पाण्यात तरंगते, म्हणून तिला तीन-चार गोटे बांधावे लागतात. पंपापासून कड्यापर्यंत ४ मिमीची मायक्रोट्यूब (ठिबकचीच बारीक नळी) चालते, ठिबकचाच छोटा कनेक्टर लावून.

पंप दोन तोंडांचा घ्या आणि दोन्ही नळ्या कड्याला जोडा. खोक्यावर मिनिटाला किती लिटर हवा ते लिहिलेले असते. १५ लिटर पाण्याला निदान ४ लिटर हवी, ६ असेल तर उत्तम. पाणी उकळी फुटल्यासारखे ढवळले पाहिजे, चार बुडबुडे वर आले म्हणजे भागत नाही. पंप बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. ५ वॉटचा पंप २४ तासांत जेमतेम ०.१२ युनिट खातो, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर टाकायला हरकत नाही. उन्हाळ्यात तासाभराचे भारनियमनसुद्धा अख्खी बादली नासवायला पुरते.

खत पूर्ण मुरलेले हवे: काळेभोर, भुरभुरीत, मातीचा वास येणारे. पाऊण किलो खत मच्छरदाणीच्या दुहेरी कापडात सैलसर बांधून पाण्यात लोंबते ठेवावे. पिशवी ठासून भरली तर आतले खत कोरडेच राहते आणि दाट कापडातून बुरशीचे धागे बाहेर पडत नाहीत. गूळ गडद रंगाचा, हिवाळ्यात ३० ग्रॅम, उन्हाळ्यात १० ते १५ ग्रॅम. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते एक दिवस उघडे ठेवावे किंवा खत घालण्याआधी दोन तास नुसता पंप चालवावा. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि उघड्या ड्रममध्ये साठते. तिथे हा प्रश्न बहुतेक आपोआप सुटलेला असतो.

वेळेबाबत: डिसेंबर-जानेवारीत ३० ते ३६ तास, पावसाळ्यात २४ तास. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाला पंप लावावा, बादलीभोवती ओले पोते गुंडाळावे आणि सकाळी उन्हे चढण्याआधी चहा मुळाशी ओतून मोकळे व्हावे. फेस किती आला यावर जाऊ नये, फेसाने काही सिद्ध होत नाही. खरी पारख वासाची. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास असेल तर चहा झाला. आंबूस किंवा कुजका वास आला तर तो झाडाला घालू नका, उकिरड्यावर ओता.

पंप बंद केल्यापासून चार तासांत चहा वापरावा, बाटलीत भरून ठेवला की तो मेला. मुळाशी घालताना पाचपट पाणी मिसळून कुंडीला पाव लिटर पुरे. फवारणी करायची तर गाळून आणि सूर्यास्ताच्या सुमारास. ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलेल्या पानांवर फवारला तर मेहनत वाया जाते. आणि हे ठासून सांगायला हवे: कोथिंबीर, मेथी, पालक अशा पानांवर हा चहा कधीही फवारू नये. खत अर्धेकच्चे असेल तर गुळावर पोटाचे रोगजंतूही तितक्याच जोमाने वाढतात.

याला जीवामृत समजू नये. जीवामृतात ताजे शेण आणि गोमूत्र असते, इथे ते चालत नाही. हा चहा खताची जागाही घेत नाही. यात नत्र, स्फुरद, पालाश अगदी थोडे असते, आणि रोग हटतात की नाही याचे निष्कर्ष ठिकठिकाणी वेगळे आले आहेत. आळ्यातले कंपोस्ट कमी करून चहाच्या भरवशावर राहिलात तर झाड पिवळे पडेल.

बादली रिकामी झाली की त्याच तासात धुवावी. कड्यावर आणि नळीत बुळबुळीत थर धरतो, तो वाळून बसला की निघत नाही आणि पुढची बादली त्यामुळेच नासते. कडे सोडवून ब्रशने घासावे, बुजलेली छिद्रे सुईने मोकळी करावीत, क्षाराचा पांढरा थर असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावे आणि सगळे सामान दिवसभर कडक उन्हात वाळवावे.

आपले,
परसबाग करणारे काही वाचक, परभणी