आराखडा आधीच ठरला होता, मग सूचना कशाच्या घेतल्या?

मा. संपादक,

कालच्या अंकातली स्केटपार्कची, म्हणजे स्केटबोर्ड खेळायच्या मैदानाची, बातमी वाचली. 'नागरिकांच्या सूचनांनुसार आराखडा अंतिम' असं त्यात छापलंय. या सूचना घ्यायला ठेवलेल्या बैठकीला मी हजर होते म्हणून हे लिहितेय. बैठक ठेवली मंगळवारी सकाळी अकराला, म्हणजे पोरं शाळेत आणि आईबाप कामावर. जे स्केटिंग करणार त्यातलं एकही पोरगं हॉलमध्ये नव्हतं. आराखडा भिंतीवर आधीच लावलेला, आणि आम्हाला विचारलं काय तर कंपाउंडला रंग कुठला देऊ!

त्या आराखड्यात खाली चक्क पेव्हर ब्लॉक दाखवलेत. मी उभी राहून सांगितलं की साहेब, स्केटबोर्डचं चाक 50-55 मिलिमीटरचं असतं, ब्लॉकच्या फटीत अडकलं की बोर्ड जागेवर थांबतो आणि पोरगं पुढे फेकलं जातं. तर म्हणे, मॅडम, ब्लॉक चांगल्या क्वालिटीचे आहेत.

माझ्या मुलीचं मनगट असंच मोडलं. आमच्या इथल्या बागेत मागे पत्र्याचा एक रॅम्प आणून ठेवला होता, पहिल्याच पावसाळ्यात तो गंजला आणि खालची कड वर उचलली गेली, ती वर आलेली आहे असं आम्ही लेखी दिलं होतं, आवक नंबर पण मिळाला, पण कोणी फिरकलं नाही आणि शेवटी तिचंच चाक त्या कडेला अडकलं. हाताला प्लास्टर असताना तिने डाव्या हाताने चौकटीच्या वहीच्या पानावर पार्क काढला. क्वार्टर पाइप म्हणजे वर वळत जाणारा गोलसर उतार, त्याच्या वरच्या काठाला स्टीलचा पाइप, घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट, आणि बाऊलच्या, म्हणजे वाटीसारख्या खोलगट भागाच्या, तळाला पाणी जायला जाळी, कारण आपल्याकडच्या पावसात बाऊलची विहीर होते. हे सगळं शाळेतल्या पोरीला कळतं. ते पान मी बैठकीत दिलं, तिथल्या साहेबांनी घडी न उघडताच फाइलमध्ये टाकलं. मला त्याचा फार राग आला आणि अजूनही आहे.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं छोटं गाव आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 मध्ये तिथे स्केटपार्क उभा केला, बांधायला वेगवेगळ्या देशांतले स्केटर्सच आले होते. उतार किती हवा हे ज्याच्या पायाला माहीत असतं त्यानेच तो बांधला. शाळेत गेलात तरच स्केटिंग आणि मुलींचा नंबर आधी, हे तिथले नियम. त्या गावातली आशा गोंड 2018 मध्ये चीनला वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळून आली. आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 च्या नॅशनल गेम्समध्ये स्केटबोर्डिंगचं गोल्ड मिळवलं. म्हणजे आपल्या पोरींमध्ये दम नाही असं तर नाहीच ना?

ज्येष्ठ नागरिकांनी आवाजाची तक्रार केली ती मला पटते. काँक्रीटवर बोर्ड आपटला की आवाज होतोच, घरात कोणी आजारी असेल तर त्रास होणारच. मग पार्क बिल्डिंगच्या भिंतीला लागून न घेता रस्त्याच्या बाजूला घ्या, तिकडे तशीही दिवसभर वाहनं असतात. पोरांनाही हे पटेल, पण दोघांना एकत्र बसवलंच नाही कोणी.

तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे, राग मानू नका. बातमीसोबत फोटो छापलात तो रोलर स्केटिंगच्या रिंकचा. रिंक सपाट असते, चार चाकांचे बूट घालून गोल फिरायला. स्केटपार्कला चढउतार लागतात. पेपरमध्येच असा फोटो आला तर ऑफिसात बसलेल्यांना फरक कोण सांगणार? आणि लिहितेच आहे तर, बागेला दुपारी कुलूप का लावतात तेही एकदा छापा, सुट्टीत पोरं नेमकी तेव्हाच मोकळी असतात आणि मग सोसायटीच्या गेटसमोर गाड्यांमधून बोर्ड चालवतात.

टेंडर अजून निघालेलं नाही, तेव्हा वेळ गेलेली नाही. पुढची बैठक रविवारी संध्याकाळी ठेवा, हॉलमध्ये नको, जागेवरच ठेवा, पोरांना बोर्ड घेऊन बोलवा आणि ते फाइलमधलं पान उघडून इंजिनिअरला दाखवा.

– एक पालक