मुक्तासाठी, इकडे येण्याआधी

त्सुकुबा, इबाराकी, जपान
१२ फेब्रुवारी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. व्हिसा आल्याचं ताईकडून कळलं. एप्रिलपर्यंत आयकिदोची, म्हणजे इथल्या जपानी युद्धकलेची, घरी काय तयारी करू, असं विचारलंस. कोलांट्या नकोत, फरशीवर तर नकोच. बसायला शिक.

इथे सगळं सेइझात चालतं. सेइझा म्हणजे आपलं वज्रासनच, फक्त पायाचे अंगठे एकमेकांना टेकलेले. बसताना आधी डावा गुडघा टेकवायचा, उठताना आधी उजवा पाय पुढे घ्यायचा. शिक्षक तंत्र दाखवतात तोवर असंच बसून बघायचं. पाय बधिर होणारच, पण घोटा मुरगळतो तो त्या बधिर पायांवर ताडकन उठल्यामुळे. उठण्याआधी चवडे दुमडून टाचांवर दोन-चार श्वास बसावं, मग उठावं. रोज पाच मिनिटांनी सुरुवात कर, पंधरापर्यंत ने. शिक्को, म्हणजे गुडघ्यांवर चालणं, इथे आल्यावर ताटामीवरच, म्हणजे सरावाच्या गादीवरच शीक. फरशीवर गुडघे सोलून निघतात.

इथल्या लहान गावांतल्या क्लबांना बहुधा स्वतःची जागा नसते. नगरपालिकेचा हॉल तासांवर घेतात, आणि त्याच गाद्यांवर आधी ज्यूदोवाले असतात. म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचायचं आणि केरसुणी हातात घ्यायची. नंतर फडकं, पण घट्ट पिळलेलं. ओलं राहिलं तर गादीच्या प्लास्टिकच्या आवरणावर पाय सटकतो. दोन गाद्यांमधली फट पायाने ढकलून बंद करायची, कारण पायाची बोटं मोडतात ती बहुतेक त्या फटीत अडकून. काळा पट्टावालेही केर काढतात. तू मागे उभी राहिलीस तर कोणी काही बोलणार नाही, पण लक्षात मात्र सगळ्यांच्या राहील.

बांगड्या, कानातलं, अंगठी घरीच काढून ठेव. हातापायाची नखं कापलेली हवीत. सपाता गादीच्या कडेला, तोंड बाहेरच्या बाजूला करून. केइकोगीचा, म्हणजे सरावाच्या पोशाखाचा, डावा पदर वर घ्यायचा; उजवा वर फक्त मृताला नेसवताना घेतात, त्यामुळे चुकलीस तर एखाद्या आजी लगबगीने येऊन ठीक करतील. समोर तोंड करून बसताना ज्येष्ठ उजवीकडे, नवखे डाव्या टोकाला. हाकामाच्या, म्हणजे वरून नेसायच्या घोळदार विजारीच्या, सात चुण्या म्हणजे सात सद्गुण, असं तुला कोणीतरी सांगेलच. ऐकून घे. पण वर्गानंतर ज्येष्ठांचा हाकामा घडी करायला बसलीस तर जास्त शिकशील, कारण गप्पा तिथेच होतात.

आता पडण्याबद्दल, कारण पहिले काही महिने तेवढंच नीट झालं तरी पुष्कळ. मागे पडताना मागचा पाय दुमडून पावलाची वरची बाजू गादीवर सपाट टेकवायची. चवडा उभा राहिला की सगळं वजन बोटांवर आणि गुडघ्यावर येतं. हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर. पुढे लोळताना करंगळीकडची कड, मनगट, कोपर, खांदा आणि तिथून तिरपं विरुद्ध बाजूच्या कमरेकडे, असा एकच कमानीसारखा रस्ता. कोपर ढिलं पडलं की खांद्याचं टोक थेट आपटतं, आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. भीतीने जमिनीकडे बघणारे डोक्यावरून जातात.

सगळ्यात जपायचं ते शिहोनागे नावाच्या फेकीमध्ये. जोडीदाराने उजव्या हाताने तुझं डावं मनगट धरलंय असं समज. ते त्याचं मनगट तू दोन्ही हातांनी धरतेस, त्याच्या समोरून पाऊल टाकतेस, हात कपाळासमोरून तलवारीसारखे वर नेऊन वळतेस आणि खाली कापतेस. चूक नेहमी वळताना होते. हात कपाळापासून लांब गेले की त्याचं कोपर बाहेर उघडतं आणि सांध्यावर पीळ बसतो. त्याचा हात त्याच्याच खांद्याला चिकटून राहिला पाहिजे, आणि तिथून सरळ खाली गादीपर्यंत त्याला सोबत न्यायचं. मधेच झटका दिला तर तो उताणा जाऊन डोक्याचा मागचा भाग आपटतो. या एका तंत्रात नवख्याला जोरात टाकणारा माणूस कितीही वरचा असो, त्याच्याशी जोडी टाळलीस तरी चालेल. तू पडणारी असशील तर अंग जवळ ठेव, गुडघा वाकवून टाचेशेजारी बस, आणि वेदना सुरू होण्याआधीच गादीवर दोनदा थाप मार. थाप ऐकली की सोडायचंच, तिथे वाद नाही.

पकड मात्र खरी हवी, करंगळीपासून आवळत आणलेली. आयकिदोचे जनक ओसेन्सेई ऊएशिबा मोरिहेइ १९४२ मध्ये या जिल्ह्यातल्या इवामाला राहायला आले, आणि १९६९ मध्ये ते वारल्यावर त्यांचे शिष्य साइतो मोरिहिरोंनी २००२ पर्यंत तिथे शिकवलं. साइतोंची पद्धत म्हणजे आधी घट्ट धरू द्यायचं, मग हलायचं. त्यामुळे या भागात ढिली पकड म्हणजे जोडीदाराला फसवणं, अशी समजूत आहे, आणि मला ती पटते. स्पर्धा नाहीत, जिंकणं-हरणं नाही, मग तुझं तंत्र चालतं की नाही हे सांगणार कोण? तुला धरणाराच. उलट नवख्याला हलताच येणार नाही इतकं आवळून धरणारेही भेटतील. त्यांना शक्तीने उत्तर देऊ नकोस, शिक्षकांना हाक मार. चार वेळा पडायचं, चार वेळा टाकायचं, दोन्ही बाजूंनी, की पाळी बदलते.

पाचव्या क्यूची, म्हणजे नवख्यांच्या पायरीची, परीक्षा अवघड नसते: शोमेनउची, म्हणजे डोक्यावर येणाऱ्या वारावर, इक्क्यो (हात खाली दाबून धरणं) आणि इरिमीनागे (आत शिरून टाकणं), कातातेदोरी, म्हणजे मनगट धरल्यावर, शिहोनागे, आणि शेवटी बसून कोक्यूहो (श्वासाच्या जोरावर तोल घालवणं). साधारण तीस दिवसांचा सराव मागतात. विमा क्लबमधूनच उतरवतात, वर्ष १ एप्रिलपासून धरतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नाव दे.

२९ एप्रिलला इवामाच्या आयकी देवळाचा उत्सव असतो, त्या दिवशी इथे सुट्टीच असते. त्सुचिउराहून जोबान लाइनच्या आगगाडीने सरळ जाता येतं, तू आलीस की मिळून जाऊ.

लाकडी तलवार, दंडा तिकडे विकत घेऊ नकोस. दंडा १२८ सेंटिमीटरचा असतो, बॅगेत मावत नाही, आणि नवख्यांना क्लबचाच देतात. केइकोगी घेतलीस तर आधी दोनदा धुऊन बघ, सुती कापड बरंच आटतं. त्या जागेत ताईच्या हातचं मेतकूट आण, अर्धा किलो तरी.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी