आभासी दुकानातला खरा धडा

महोदय,

आभासी जगात वर्ग भरवणे म्हणजे मुलांना खेळायला मोकळे सोडणे, असा सूर वारंवार कानी येतो. मी विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकवते आणि एक पूर्ण सत्र ‘सेकंड लाइफ’ या इंटरनेटवरच्या आभासी जगात घेतले आहे, म्हणून लिहिते.

लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली खुल्या केलेल्या या जगात लिंडेन डॉलर हे तिथले चलन चालते आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येते. त्यामुळे जागेचे भाडे, जाहिरात, किंमत यांतली चूक थेट खिशाला लागते.

माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने तिथे आभासी खुर्च्या विकायला ठेवल्या. दिसायला सुरेख, पण त्यांवर पात्र (पडद्यावर आपल्या वतीने वावरणारी आकृती) बसले की गुडघे लाकडात शिरायचे. तीन दिवस बोहनीच नाही. चौथ्या दिवशी एक अनोळखी गिऱ्हाईक आले, बसून पाहिले आणि चकार शब्द न काढता निघून गेले. त्याच रात्री मुलांनी बसण्याची जागा बोटभर उचलली, आणि दुसऱ्या दिवशी पहिली खुर्ची खपली. ग्राहकाचा विचार आधी करा, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. इतक्या चटकन ते कुणाला उमगलेले पाहिले नव्हते.

अडचणी आहेतच. जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळते, पहिला आठवडा चालायला शिकण्यातच जातो. (बुजरी मुले मात्र तिथे भरभरून बोलतात.) विद्यापीठांनी संगणक कक्षात थोडी चांगली यंत्रे द्यावीत आणि या कामाला गुण ठेवावेत. आमच्याकडे आजही सगळे गुण लेखी पेपरला आहेत.

– एक प्राध्यापिका