बाबा, गाडीचा विमा संपलाय, तोवर चावी आईकडे द्या

बोरिवली, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
नमस्कार.

काल गावाहून परत येताना ती निळी फाईल चुकून माझ्याच बॅगेत आली, उघडून बघितली तर वॅगनआरची पॉलिसी संपून एकोणीस दिवस झालेत. बाबा, म्हणजे परवा आपण तिघं चिपळूणला बाजारात जाऊन आलो ते विम्याशिवायच. फोनवर बोललो असतो, पण तुम्ही "बघू रे" म्हणून फोन आईकडे देता, म्हणून लिहितोय.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे, गावात कोण अडवतंय, गाडी महिन्यातनं चारदा निघते. पण थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, हा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सगळीकडेच लागतो, मुंबई काय नि आपलं गाव काय. पकडलं तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं जाऊ दे, मला खरी भीती दुसरीच आहे. दिवाळीत एसटी स्टँडजवळ रिव्हर्स घेताना तो स्कूटीवाला मुलगा पडला होता ना? त्याचं कोपर खरचटलं, तुम्ही खाली उतरून त्याला पाणी दिलंत, हात थरथरत होते तुमचे, मी बघितलंय. त्या दिवशी खरचटण्यावर भागलं. कुणाच्या जिवावर बेतलं तर कोर्ट जी भरपाई ठरवेल ती थर्ड पार्टीत कंपनी भरते, माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला रकमेची मर्यादा नाही, समोरच्याच्या मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत आहे. आणि विमा नसेल तर ते सगळं तुमच्या नावावर येतं, म्हणजे एफडी, ते घर. झोप नाही येत मला हे आठवलं की.

आणि हे किती रुपयांसाठी? आपली गाडी हजार सीसीच्या आतली, तिचा थर्ड पार्टीचा रेट 2022 च्या जूनपासून 2094 रुपये, वर जीएसटी, आणि तो देशभर एकच. गाडी गावाला नेली म्हणून प्रीमियम उतरेल असं तुम्ही म्हणत होतात, तर तसं नाही, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला झोनचा फरक पडतो पण तो रजिस्ट्रेशन कुठलं त्यावर, आणि आपली नंबरप्लेट मुंबईचीच.

नुसतं थर्ड पार्टी मात्र घ्यायचं नाहीये. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात कुठवर चढलं होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. फुल पॉलिसीत, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान धरतात त्यात, पूर येतो, पण पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला जाऊन बिघडलं तर ते नुसत्या फुल पॉलिसीत धरत नाहीत. माझंच झालंय हे, दोन वर्षांपूर्वी सायनला गांधी मार्केटपाशी गाडी पाण्यात बंद पडली, मी घाबरून दोनदा चावी फिरवली आणि इंजिन जाम. विमा कंपनीच्या सर्वेअरने सीट, कार्पेट, वायरिंग मंजूर केलं आणि इंजिनवर काट मारली. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आई काळजी करत बसली असती. म्हणून इंजिन प्रोटेक्ट हे वरचं कव्हर घेतोय, आणि तरीही पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची.

अजून एक, मालक-चालकाचा जो 15 लाखांचा अपघात विमा असतो तो बाबांपुरता, शेजारी बसलेली आई त्यात येत नाही. हे मला कालच नीट कळलं. तिच्यासाठी पॅसेंजर कव्हर वेगळं टाकतोय, यावर वाद नको.

बाबा, तुमचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, म्हणजे इतकी वर्षं जपून चालवल्याची प्रीमियममधली सूट, ती पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की जाते, म्हणजे अजून हातात आहे. पॉलिसी तुटल्यामुळे आता इन्स्पेक्शन होईल, फोनवर व्हिडिओ काढायला सांगतात. आई, शेजारच्या पोराला बोलावून चारी बाजू, काच, चासिस नंबर नीट दिसेल असा काढून घे, आधी गाडीवरची ती फणसाची पानं झाडा. बाबांच्या लायसन्सचा फोटोही पाठव, तारीख बघायचीय, कारण लायसन्स संपलेलं असलं तर नंतर क्लेमला अडवतात.

पैसे मी भरतोय. नवीन पॉलिसी व्हॉट्सॲपवर येईपर्यंत दवाखान्यात रिक्षाने जा, आणि बाबा, चावी खरंच आईकडे द्या.

तुमचा,
धाकटा