प्रत्येक पेटका कॅल्शियमचा नसतो

संपादक महोदय,

पायात गोळा आला की केळं खा, कॅल्शियम घ्या, हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका (एनएमओ) या आजारातला पेटका त्याने हटत नाही. यात एरवी जंतूंशी लढणारी शरीराचीच प्रतिपिंडं ॲक्वापोरिन-४ या प्रथिनावर उलटतात, मज्जारज्जूला सूज येते आणि मज्जातंतूंवरचं आवरण उडतं. मग उघड्या तंतूतला संदेश शेजारच्या तंतूत झिरपतो. कूस बदलली, चादर घासली, एवढंही निमित्त पुरतं. बोटं आत वळतात, पाय लाकडासारखा ताठतो. अर्ध्या-एक मिनिटात सुटतो आणि दिवसातून अनेकदा परततो.

शुद्ध जात नाही आणि झटका मेंदूतून नव्हे, मज्जारज्जूतून येतो, म्हणून ही फिट नव्हे. नाटक तर नव्हेच! झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवावा. निम्मं निदान तिथेच होतं.

हे झटके बहुधा दाह ओसरताना सुरू होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी दाह कमी करणारं स्टेरॉइड लागत नाही. नवा अशक्तपणा, लघवी अडणं किंवा नजर अंधुक होणं मात्र वेगळं. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

या पेटक्यांवर कार्बामाझेपिन हे औषध कमी मात्रेतही चांगलं लागू पडतं. सुरुवात बहुधा १०० मिलिग्रॅमपासून. अंगावर पुरळ वा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं. या गोळीने रक्तातलं सोडियम घटू शकतं, म्हणून ते तपासत राहावं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी तसं आधीच सांगावं, कारण या औषधाने त्यांचा परिणाम घटतो.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा