नेरूळच्या ‘ळ’साठी एक भिंत द्या : पालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार.

शहराच्या भिंती रंगवायची पालिकेला हौस आहे आणि मला ती आवडते. (फ्लेमिंगो आता पुरे, एवढं हळूच सांगतो.) पुढचं रंगकाम निघेल तेव्हा नेरूळमधली एक भिंत संगणकाच्या इतिहासाला द्यावी, एवढीच विनंती. स्थानक सिडकोचं, रूळ रेल्वेचे, हे मला ठाऊक आहे. पालिकेच्या ताब्यातली कुठलीही चालेल.

संगणक म्हटलं की चित्रकार निळा मेंदू काढतात, त्यातून तारा निघतात आणि शेजारी रोबो नमस्कार करत उभा असतो. तसलं नको. महापे-ऐरोलीला रोज सकाळी कंप्युटरवर पोट भरायला माणसांचे लोंढे उतरतात; त्यांना रोबोचं काय कौतुक?

मला हव्यात सोळा फरश्या. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. युनिकोड या जगभर मान्य क्रमांक-यादीत ‘ळ’चा क्रमांक २३५५. शून्य आणि एक एवढ्याच अंकांत तो लिहिला की होतो ०००० १००१ ००११ ००११. शून्याला पांढरी फरशी, एकाला काळी. म्हणजे दहा पांढऱ्या, सहा काळ्या. आता गंमत बघा. अगदी शेवटची काळी फरशी काढून पांढरी बसवली की क्रमांक होतो २३५४, आणि ते अक्षर आहे ‘ल’. एका फरशीनं कमळाचं कमल होतं, नेरूळचं नेरूल. लोकलमध्ये निम्मा डबा आजही नेरूलच म्हणतो, तेव्हा ही शेवटची फरशी जरा पक्की बसवा.

हे मला इतकं का लागतं, तर नव्वदीच्या दशकात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून द्यायचं, दुकान होतं. तेव्हा ज्याचा फॉन्ट त्याचे क्रमांक. फ्लॉपी छापखान्यात नेली की लग्नपत्रिकेतल्या ‘श्री’च्या जागी भलतीच चिन्हं उमटायची. एकदा मुलीचे वडील समोर स्टुलावर बसलेले आणि मी रात्री दोन वाजता अख्खी पत्रिका पुन्हा टाइप करतोय. युनिकोडनं ते दुखणं संपवलं. पुढे विंडोजमध्ये ‘मंगल’ फॉन्ट आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. रोज ती अक्षरं वाचणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल?

‘ळ’च्या खाली टिफ्रॅक हवा. खाडीपलीकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या चमूनं हा संगणक इथेच बांधला. १९५६ मध्ये त्याचं प्रायोगिक यंत्र चाललं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र सुरू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं बारसं केलं. त्याच्या स्मृतीत २,०४८ ‘शब्द’ मावत, म्हणजे अंकांचे गट; प्रत्येक शब्द ४० बिटांचा, आणि बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एक. एका बिटाला एक चुंबकीय कडी, म्हणजे ८१,९२० कड्या. त्या काळी अशा कड्या पोत ओवावी तशा हातानं बारीक तारांत ओवत. आजच्या हिशेबानं ही सगळी स्मृती दहा किलोबाइट. सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोही तिच्यात मावायचा नाही. एवढे ८१,९२० ठिपके भिंतीवर खरोखर काढता येतील. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत, त्यांना विचारा. मोजणीत त्या चुकणार नाहीत.

उद्घाटनाची संगमरवरी पाटी लागणारच. ती भिंतीपेक्षा लहान असावी.

रेखाटन मी चौकटीच्या वहीत करून ठेवलं आहे. बोलवाल त्या दिवशी घेऊन येतो. फरश्या बसवताना मिस्त्रींच्या शेजारी उभं राहायचीही तयारी आहे, निदान सोळावी बसेपर्यंत.

आपला,
एक जुना नेरूळकर